चालतें बिऱ्हाड आणि महामारी

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपल्या घरोघरीं परिचित आहे. आज येथें तर उद्यां तेथें, अशा अस्थिर माणसाविषयीं ती किंचित् उपहासानें योजिली जाते. परंतु ज्या घरांत ती ऐकूं येते, त्यांतील अनेकांच्या वाडवडिलांनीं आयुष्यांत एकदां तरी आपलें बिऱ्हाड असेंच गाडीवर घालून काशीची अथवा पंढरीची वाट धरिलेली असते. आणि त्या प्रवासाची आठवण घरांत अभिमानानेंच सांगितली जाते. अशा चालत्या बिऱ्हाडास वाटेंत महामारीनें गांठलें म्हणजे त्याचें काय होतें, आणि ज्या गांवांवरून तें जातें त्या गांवांचें काय होतें, हा प्रश्न आपल्या इतिहासग्रंथांत सहसा येत नाहीं. लढाया आणि तह यांनीं पानें भरतात. रस्ते व त्यांवरील माणसें समासांत राहतात. या प्रश्नाचा थोडा विचार येथें करावयाचा आहे, आणि त्यासाठीं औंढा नागनाथ हें ठिकाण मला विशेष सोयीचें वाटतें.

औंढा हें हिंगोली जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत होता. पुढें तो परभणी जिल्ह्यांत राहिला, आणि १ मे १९९९ रोजीं हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. बारा ज्योतिर्लिंगांपैकीं दारुकावनांतील नागेश तो हाच, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. सौराष्ट्रांत द्वारकेजवळील नागेश्वरास व हिमालयांत अल्मोड्याकडील जागेश्वरासहि हाच मान देणारे लोक आहेत. हा वाद आपणांस येथें मिटवावयाचा नाहीं. परंतु एकमेकांपासून इतक्या दूरच्या तीन प्रदेशांनीं एकाच नांवावर हक्क सांगावा, यावरून यात्रेकरूंच्या वाटा केवढ्या विस्तारल्या होत्या तें दिसून येतें. देवळाचा खालचा भाग यादवकालीन धाटणीचा, काळ्या दगडाचा व शिल्पांनीं भरलेला असून वरचा भाग मागाहून बांधलेला आहे; जीर्णोद्धाराचें श्रेय अहल्याबाई होळकर यांस दिलें जातें. लिंग भुयारवजा गाभाऱ्यांत आहे, व तेथें अरुंद पायऱ्यांनीं, अंग चोरून उतरावें लागतें. महाशिवरात्रीस ज्यानें ती दाटी पाहिली असेल, त्यास यात्रा आणि सांथ यांचा संबंध निराळा समजावून देण्याचें कारण नाहीं.

याच देवळांत नामदेवांस विसोबा खेचर हे गुरु भेटले, असें संप्रदाय मानतो. नामदेवांचें नरसी हें गांवहि याच जिल्ह्यांत आहे. औंढ्याची एक कथा सर्वश्रुत आहे. नामदेवांस दारांतून हुसकून मागील बाजूस घालविण्यांत आलें. तेव्हां देऊळच फिरलें आणि देवानें त्यांच्याकडे तोंड केलें. देवळाचा नंदी मागच्या बाजूस आहे याचें कारण म्हणून आजहि हीच कथा सांगतात. पुढें नामदेव उत्तरेकडे गेले. पंजाबांत गुरदासपूर जिल्ह्यांतील घुमान येथें त्यांचें दीर्घ वास्तव्य झालें अशी परंपरा असून, शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबांत त्यांचीं ६१ पदें समाविष्ट आहेत. देऊळ फिरल्याची कथा त्यांपैकीं एका पदांतहि आढळते. २०१५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ८८ वें अधिवेशन याच घुमान गांवीं भरलें होतें. दारांतून घालविलेल्या माणसाकडे देव वळतो, ही कल्पना औंढ्याहून पंजाबपर्यंत पोंचली आणि तेथें पूज्य ग्रंथांत स्थिर झाली, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिची गरज पुढें लागणार आहे.

पूर्वींच्या काळीं कुटुंबानें यात्रेस निघणें म्हणजे घराचा एक तुकडा कापून रस्त्यावर आणणें होतें. तट्ट्या लावलेली बैलगाडी, तींत म्हातारीं माणसें व मुलें, खालीं गवताची गादी, मागें पीठमीठ, भांडीं, अंथरुणें व देवांची पेटी; आणि धडधाकट माणसें पायीं. मुक्काम पडे तेथें तीन दगडांची चूल मांडली कीं घर उभें राहिलें. परंतु हें घर वाटतें तितकें स्वतंत्र कधींच नव्हतें. पाणी दुसऱ्याच्या विहिरीचें, सांवली दुसऱ्याच्या झाडाची, रात्रीचा आसरा धर्मशाळेचा आणि निर्भयता त्या त्या मुलखाच्या धन्याची. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्यें काशीयात्रेस निघाल्या व १७३६ मध्यें परत आल्या. वाटेंत उदेपूर व जयपूर येथील राजांनीं त्यांचा सन्मान केला, हें राजकारणहि म्हणतां येईल; परंतु ज्या महंमदखान बंगशास बाजीरावांनीं १७२९ मध्यें बुंदेलखंडांत नमविलें होतें, त्यानेंहि या बाईंच्या वाटेस आडकाठी न करतां आदर दाखविला. यात्रेकरूस वैरी नसतो, असा तो संकेत होता. अहल्याबाईंनीं घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रें यांवर जें धन वेंचलें, त्यामागें हाच संकेत होता. तो त्यांनीं दगडाचुन्यांत बांधून ठेविला.

या संकेतावर पहिला मोठा आघात पटकीनें केला. १८१७ च्या पावसाळ्यांत बंगालमधील जेसोर येथें ही सांथ भडकली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत, पेंढाऱ्यांवरील मोहिमेसाठीं बुंदेलखंडांत तळ देऊन राहिलेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या फौजेंत ती शिरली आणि थोड्याच दिवसांत हजारों माणसें दगावलीं. पुढील वर्षीं ती दक्षिणेंत उतरली आणि १८१८ च्या ऑगस्टांत मुंबईस पोंचली. ज्या वर्षीं पेशवाई बुडाली त्याच वर्षीं हा नवा धनी आमच्या रस्त्यांवर फिरूं लागला. पटकी माणसाबरोबर चाले, माणसाच्या वेगानें चाले, आणि माणूस जेथें पाणी पिण्यास थांबे तेथें तीहि थांबे. तिचें बीज दूषित पाण्यांतून पसरतें, हें १८५४ मध्यें लंडनच्या जॉन स्नो यांनीं दाखविलें, आणि १८८४ मध्यें कलकत्त्याच्या तलावांत रॉबर्ट कोख यांस तिचे जंतु आढळले. त्यापूर्वीं हें कळण्यास मार्ग नव्हता. ज्या बारवेनें शेंकडों वर्षें पांथस्थांची तहान भागविली तीच बारव आतां मरण वांटूं लागली, आणि ज्या अन्नछत्रांत पुण्य म्हणून पंगती बसत तेथूनच सांथ पुढच्या मुक्कामास निघूं लागली. पुण्यकर्म तेंच राहिलें, फळ मात्र पालटलें.

गांवांनीं यावर जो उपाय योजिला तो मोठा बोलका आहे. मरीआईची पूजा करावयाची, तिला लहानशा गाड्यांत बसवावयाचें, आणि वाजतगाजत तो गाडा शिवेबाहेर नेऊन सोडावयाचा. दुसऱ्या गांवास आपल्या हद्दींत तो गाडा दिसला कीं तेंहि गांव तसेंच करून त्यास पुढें ढकली. यास नुसती अडाणी समजूत म्हणून हंसणें सोपें आहे. सांथ बाहेरून येते व रस्त्यानें येते, हें निरीक्षण खरेंच होतें. दोष होता तो पुढील पायरींत. आपल्या शिवेपलीकडे गाडा गेला म्हणजे आपलें काम झालें, शेजारच्या गांवाचें तें गांव पाहून घेईल, ही समजूत त्या विधीच्या पोटांत होती. ही समजूत मरीआईच्या भक्तांपुरतीच राहिली असती तर बरें होतें.

१८६७ च्या एप्रिलांत हरद्वारास कुंभमेळा भरला. सुमारें तीस लक्ष लोक जमले होते असा त्या वेळचा अदमास आहे. पर्वाच्या आदल्या रात्रीं मुसळधार पाऊस पडला, मैदानांतील सारी घाण नदीच्या पात्राकडे वाहून आली, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच पाण्यांत लोकांनीं स्नान केलें. यात्रेकरू परत निघाले तसतशी पटकी त्यांच्याबरोबर पंजाबांत, मुलतानपर्यंत व पेशावरपर्यंत गेली. ठिकठिकाणीं अधिकाऱ्यांनीं त्यांस शहरांच्या व छावण्यांच्या बाहेर रोखून धरिलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, १८६६ मध्यें, कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषदेंत मक्केचे व हिंदुस्थानचे यात्रेकरू हे पटकीचे वाहक ठरले होते; कारण १८६५ च्या हज यात्रेंतून ती युरोपापर्यंत गेली होती. पुढें १८९२ मध्यें सरकारनें हरद्वारची महावारुणीची यात्रा मध्येंच मोडून लोकांस परत पाठविलें, तेव्हां देशभर असंतोष माजला. तो केवळ धर्मभोळ्यांचा नव्हता. शुद्ध पाणी, स्वच्छतेची सोय व आजाऱ्यांची शुश्रूषा यांपैकीं पुरेसें कांहीं न करतां केवळ यात्रा उधळणें हा कसला बंदोबस्त, असा त्या रोषांतील रास्त भाग होता.

१८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला, आणि रस्त्याची जागा आगगाडीनें घेतली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा झाला. आगगाडीनें वा अन्य मार्गानें प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा, आणि संशयितांस रुग्णालयांत अथवा तात्पुरत्या निवाऱ्यांत अलग ठेवण्याचा अधिकार त्यांत स्पष्ट शब्दांनीं दिलेला आहे. कायद्याच्या दृष्टीनें प्रवासी हाच पहिला संशयित झाला. उतारूंस स्थानकांत उतरवून, बायकापुरुषांच्या गर्दींत, परक्या माणसांनीं अंगास हात लावून तपासावें, याचा जो संताप तेव्हांच्या कुटुंबांस आला त्याचे पडसाद जुन्या आठवणींतून अद्यापि ऐकूं येतात. पुण्यांतील घरतपासणीचें पर्यवसान २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबांवरील गोळीबारांत झालें. त्याच काळांत दक्षिणेंतील शहरांतले लोक घरें सोडून गांवाबाहेर शेतांत झोपड्या बांधून राहूं लागले. एकाएकीं सारा पांढरपेशा वर्ग चालत्या बिऱ्हाडाचा धनी झाला. काशीयात्रा न करतांहि चटईच्या भिंती आणि तीन दगडांची चूल यांचा अनुभव त्यास आला.

याच प्लेगांतील एक प्रवास फार लहान आहे, परंतु मला तो या साऱ्या इतिहासांत मोठा वाटतो. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनीं पुण्याबाहेर रुग्णांसाठीं दवाखाना उघडला होता. मुंढवे येथील एका आजारी मुलास सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन त्या दवाखान्यांत पोंचविलें. त्यांतच त्यांस प्लेगाची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांचें वय तेव्हां सहासष्ट वर्षांचें होतें. रोग्यास अलग ठेवणें आवश्यक आहे हें त्या नाकारीत नव्हत्या; ज्या जागेकडे त्या चालल्या होत्या ती अलग ठेवण्याचीच जागा होती. परंतु त्या जागेपर्यंत त्यास कोणी तरी नेलें पाहिजे, आणि तेथें त्याच्यासाठीं औषध व माणूस असलें पाहिजे, एवढाच त्यांच्या कृतीचा अर्थ होता.

येथें उलट बाजूहि न्यायानें मांडली पाहिजे. दार बंद करणारा प्रत्येक जण निर्दय असतो असें नाहीं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत हिंदुस्थानांत कोट्यवधि माणसें मेलीं. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत दूर उत्तरेस, अलास्काच्या बर्फाळ किनाऱ्यावरील ब्रेव्हिग मिशन नांवाच्या वस्तींत, पांच दिवसांत ८० पैकीं ७२ माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्याच किनाऱ्यावरील शिशमारेफ या वस्तीनें वाटेवर पहारे बसवून येणारांस परत फिरविलें, आणि ती वांचली. लहान गांव, तोकडी औषधयोजना आणि नवा रोग, अशा वेळीं वेस मिटणें हा कधीं कधीं जीव वांचविण्याचा एकच उपाय असतो. म्हणून प्रश्न दार मिटावें कीं उघडावें असा नाहीं. मिटलेल्या दाराबाहेर जो उभा आहे त्याची तजवीज कोणी करावी, हा खरा प्रश्न आहे.

शंभर वर्षांनंतर तो प्रश्न पुन्हां उभा राहिला. मार्च २०२० मध्यें करोनाच्या सांथीमुळें देवस्थानें बंद झालीं. औंढ्यासहि तीच अवस्था आली. २५ मार्चपासून देशांत सर्वत्र टाळेबंदी सुरू झाली, आणि १८९७ चा तोच कायदा पुन्हां उपयोगांत आला. औंढ्याहून साठएक किलोमीटरांवरील नांदेड येथें, गुरु गोविंदसिंगांचें १७०८ मध्यें निर्वाण झालें त्या हुजूर साहिबच्या दर्शनास पंजाबांतून आलेले सुमारें चार हजार यात्रेकरू अडकून पडले. त्यांत म्हातारीं होतीं, लेंकुरवाळ्या बायका होत्या. महिनाभर गुरुद्वाऱ्यानें त्यांस निवारा व लंगरचें अन्न दिलें. एप्रिलअखेर सरकारची परवानगी मिळून पंजाबाहून सुमारें ८० बसगाड्या आल्या व त्यांस घेऊन उत्तरेकडे निघाल्या. नामदेव ज्या दिशेनें गेले त्याच दिशेस, उन्हाळ्याच्या भरांत, दीड-दोन हजार किलोमीटरांचा हा प्रवास झाला. ही बस म्हणजेच त्या कुटुंबांचें दोनतीन दिवसांचें घर होतें.

तीं घरीं पोंचलीं, परंतु स्वागत निराळेंच झालें. तपासणींत त्यांच्यापैकीं हजाराहून अधिक जण बाधित आढळले. पंजाबांतील रुग्णसंख्या एकदम फुगली, आणि कालपर्यंत ज्यांच्या सुटकेसाठीं आर्जवें चाललीं होतीं तेच यात्रेकरू गांवाच्या डोळ्यांत सलूं लागले. इकडे नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांतील सेवेकरीहि बाधित निघाले. मग रोग नांदेडांत लागला, वाटेंत लागला, कीं गाड्यांबरोबरच आला, असा वाद दोन्ही राज्यांत सुरू झाला. तो वृत्तपत्रांतून वाचतांना मरीआईच्या गाड्याची आठवण झाल्याखेरीज राहत नव्हती. गाडा आमच्या शिवेंत आला तो तुमच्याकडून, एवढें सिद्ध करण्यांतच सारी बुद्धि खर्ची पडत होती. महिनाभर ज्यांनीं या लोकांस जेवूं घातलें आणि ज्या चालकांनीं रात्रंदिवस गाडी हांकून त्यांस घरीं पोंचविलें, त्यांचा उल्लेख त्या वादांत क्वचितच झाला.

त्याच वर्षीं जगांत अन्यत्रहि चालत्या बिऱ्हाडांची अशीच परीक्षा झाली. अमेरिकेंत मोटारीवर बांधलेल्या घरांची मागणी फार वाढली. खानावळ नको, विश्रामगृह नको, परक्याचा स्पर्श नको, म्हणून कुटुंबें स्वयंपाकघर व बिछाने घेऊनच निघूं लागलीं. परंतु अलास्काकडे जाणारा रस्ता कॅनडांतून जातो, आणि ती सरहद्द २१ मार्च २०२० पासून अनावश्यक प्रवासास बंद होती. ३१ जुलैपासून असा नियम झाला, कीं अलास्काकडे जाणारांनीं ठराविक नाक्यांवरूनच शिरावें, वाटेंत प्रेक्षणीय स्थळांकडे वळूं नये, आणि देश सोडण्याची मुदत लिहिलेली चिठ्ठी गाडीच्या आरशास टांगून ठेवावी. स्वतःचें घर चाकांवर घेऊन निघालेला मनुष्यहि कोणाच्या तरी अंगणांतूनच जात असतो, हें त्या चिठ्ठीनें त्यास दाखवून दिलें. नियम कडक होता. तरी त्यांत प्रवाशास रस्ता होता, पेट्रोल भरण्याची व अन्न घेण्याची मुभा होती. दार मिटूनहि वाट ठेवितां येते, याचें तें उदाहरण आहे.

आपल्याकडेहि अशीं उदाहरणें झालीं. आषाढी एकादशी १ जुलै २०२० रोजीं होती. आदल्या दिवशीं ज्ञानेश्वर व तुकाराम महाराजांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस्. टी. च्या बसमधून पंढरपुरास नेण्यांत आल्या. लक्षावधि पावलांची वारी घरीं राहिली, परंतु परंपरा खंडित झाली नाहीं. अनेकांस तें पाहून वाईट वाटलें. तरी १८६७ चें हरद्वार ज्यास ठाऊक आहे तो या संयमाचें मोल जाणेल.

परंतु ज्यांच्यासाठीं कोणतीच बस निघाली नाहीं, त्यांचाहि हिशेब द्यावा लागतो. ८ मे २०२० च्या पहांटे, आतांच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत करमाडजवळ, जालन्याच्या कारखान्यांत काम करणारे मध्य प्रदेशांतील १६ मजूर मालगाडीखालीं सांपडून ठार झाले. उत्तरेस आपल्या गांवीं जाण्यासाठीं ते रात्रभर रुळांच्या कडेनें चालत होते, व गाड्या बंद आहेत अशा समजुतीनें थकून रुळांवरच निजले होते. सकाळीं रुळांवर त्यांच्या शिदोरीच्या पोळ्या पसरलेल्या दिसल्या. त्यांचें बिऱ्हाड खरोखरच पाठीवर होतें. औंढ्यापासून हें ठिकाण मराठवाड्याबाहेरहि नाहीं. त्यांस रोगानें मारिलें नाहीं. कारखाना मिटला, गाडी मिटली, वेस मिटली, आणि त्या सर्वांच्या बाहेर त्यांच्यासाठीं कांहींच ठेविलेलें नव्हतें, म्हणून ते मेले.

१६ नोव्हेंबर २०२०, दिवाळीचा पाडवा, या दिवशीं महाराष्ट्रांतील देवळें पुन्हां उघडलीं. पुढें दुसऱ्या लाटेंत तीं परत मिटलीं, आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं पुन्हां उघडलीं. त्याच २०२१ सालीं मोटारघरांतून पर्यटन करणाऱ्यांसाठीं महाराष्ट्र शासनानें स्वतंत्र धोरणहि आंखलें. सुखवस्तु कुटुंबें यापुढें आपलें घर घेऊन सुखानें हिंडोत. त्यांत वाईट कांहीं नाहीं. मात्र पुढील महामारी येईल तेव्हां रस्त्यावर असणारीं माणसें बहुशः निराळीं असतील: यात्रेंतील म्हातारीं, ऊसतोडीच्या टोळ्या, परप्रांतींचे मजूर. त्यांच्यासाठीं वेशीबाहेर शुद्ध पाणी, छप्पर, शिजलेलें अन्न, तपासणारा वैद्य आणि पुढें नेणारी गाडी, या पांच गोष्टींची सिद्धता प्रत्येक तालुक्यास शांततेच्या काळांतच करून ठेवितां येण्यासारखी आहे. अहल्याबाईंनीं धर्मशाळा बांधल्या त्या सांथ सुरू झाल्यावर नव्हे. औंढ्याचें देऊळ फिरलें कीं नाहीं, याचा पुरावा इतिहासास देतां येणार नाहीं. परंतु दाराबाहेरच्या माणसाकडे तोंड करावें ही शिकवण त्या गांवानें सातशें वर्षें जपली आहे, आणि ती आचरणांत आणण्यास कोणत्याहि चमत्काराची गरज नाहीं.